दोघांपुरता स्लो कुकर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज स्वयंपाकघरातला पडदा जळाला. फक्त पडदा, हे आधी लिहून ठेवते. ताईंना फोनवर सांगताना माझ्या तोंडून ‘आग लागली’ असं गेलं आणि मग ते काही केल्या परत घेता येईना.

संध्याकाळी दार उघडलं तर घरभर धूर. अप्पा, म्हणजे माझे सासरे, बाल्कनीत स्टुलावर बसलेले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. गॅस बंद केलेला. पडद्याचा उरलेला अर्धा भाग बादलीत.

“दूध तापवत होतो,” म्हणाले.

पातेल्यात दुधाचा पत्ता नव्हता. तळाला काळंठिक्कर काहीतरी चिकटलेलं होतं, बटाटे असावेत. ओट्यावर कांद्याची सालं. सकाळी मी भरून ठेवलेला डबा मात्र रिकामा आणि घासून पालथा घातलेला. म्हणजे जेवल्यावर पुन्हा भूक लागली? की जेवल्याचंच विसरले? एकोणऐंशी वय. आता हे असंच सुरू होणार का?

ताई म्हणजे ह्यांची, माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण. त्या दुसऱ्या गावी असतात. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात मी आणि अप्पा, दोघंच. ताईंचं म्हणणं सरळ आहे. “तू दिवसभर बाहेर, ते एकटे. आज पडदा, उद्या काय? इथं एक चांगलं वृद्धनिवास बघून ठेवलंय मी. आणि तू तरी किती दिवस करशील गं? तुझे काय सख्खे वडील आहेत ते?”

वाईट हेतूने नाही म्हणाल्या. महिनाअखेरीस येतात, मग ठरवू म्हणाल्या.

गॅसचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकलाय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये रुमाल काढायला गेले आणि रेग्युलेटर टेबलावर पडला. आमची दातांची लॅब. दिवसभर मेण, प्लास्टर, कवळ्या. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते तिला आम्ही मेणवाली म्हणतो, कारण मेणाचं काम तिच्याइतकं सुबक कोणाला जमत नाही. ती म्हणाली, “बाई, हे काय घेऊन फिरतेस?”

सांगितलं सगळं. तिने कवळी खाली ठेवली. “स्लो कुकर घे. सकाळी सगळं चिरून आत टाकायचं, बटण दाबायचं आणि निघायचं. दुपारी गरमागरम तयार. ज्वाळा नाही, उतू जात नाही, करपत नाही. म्हाताऱ्या माणसाने नुसतं वाढून घ्यायचं.”

मला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं असेल तर ताईंसमोर ठेवायला काहीतरी उत्तर होईल. शिवाय अप्पांची खालची कवळी सैल झालीये, त्यांना मऊच लागतं. (कवळी मीच केलेली आहे. सैल झाली म्हणून मला रोज अपराधी वाटतं, पण हिरड्याच आकसल्या, त्याला मी काय करू.)

५ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून परस्पर दुकानात गेले. एक कुकर घ्यायचा म्हणून गेले तर समोर सतरा. दीड लिटर, तीन, साडेतीन, सहा. गोल, लांबट. एकाला घड्याळ, एकाला कुलूप, एकाला फोनवरून चालू-बंद करायची सोय. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “आधी सांगा, घरात माणसं किती?”

“तीन,” मी म्हणाले.

तो लगेच मोठ्या कुकरकडे वळला. मी त्याला थांबवलं नाही. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो, ‘नाही हो, दोन’. पण मी माहितीपत्रकं गोळा करून बाहेर पडले. दोन बस सोडून चालत घरी आले.

८ फेब्रुवारी, शनिवार

घेतला. सहा लिटरचाच. आकड्यांची खिडकी, वेळ लावायची सोय, वेळ संपली की आपोआप नुसता गरम ठेवतो. आणि मुख्य म्हणजे दोन बटणं एकदम दाबून धरली की कुलूप लागतं. मग अप्पांनी कितीही बटणं दाबली तरी काही होणार नाही. यासाठीच घेतला.

खोक्यातून काढताना अप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून बघत होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. यंत्र दिसलं की मान वाकडी होते.

“ह्याला नुसती खिटी नाही का? फिरवायची?”

“आता अशा नसतात हो खिट्या.”

“असतात,” अप्पा म्हणाले. पण मी माहितीपत्रक वाचत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला प्रयोग फसला. गाजर, बटाटा, थोडी बार्ली, दोघांपुरतं. एवढ्या मोठ्या भांड्यात ते तळाशी विहिरीत पडल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी पाहते तर कडेने वाळून चिकटलेलं, मध्ये घट्ट गोळा. नंतर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडलं, बारीक अक्षरात: भांडं निदान अर्धं भरलेलं हवं.

अप्पांनी वाटीभर खाल्लं होतं. “बरं होतं की,” म्हणाले. हे त्यांचं सगळ्यालाच असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुकर बदलून आणला. दुकानदाराने चष्म्याआडून नीट पाहिलं. “म्हणजे बाई, माणसं किती?” या वेळी म्हणाले, “दोन.” तीन लिटरचा घेतला. कुलूप आहेच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सूप मस्त झालं होतं, पण अप्पांनी खाल्लंच नाही. भांडं भरलेलं, झाकण जसंच्या तसं.

“भूक नव्हती.”

“मग दिवसभर काय केलंत?”

“गेलो होतो जरा.”

कुठे ते सांगेनात. दाराच्या मागे पिशवी लटकत होती. आत पाव किलो भोपळा, आल्याचा तुकडा, लाल राजम्याची पुडी. घरात सगळं असताना हे कशाला? मी विचारलं तर नुसतं म्हणाले, “तुला आवडतो ना राजमा.” आवडतो, पण तो प्रश्नच कुठे होता? मी भोपळा फ्रिजमध्ये टाकला आणि पिशवीचा बंद कापून दुरुस्त करायच्या सामानात ठेवली, म्हणजे पुन्हा बाहेर जायचे नाहीत. आता लिहिताना जरा लाज वाटतेय. पण रस्त्यात पडले तर?

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मी ओरडले.

अर्धा दिवस लॅब होती, दुपारी दोनला आले. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर कुकर उलटा, तळ उघडा, स्क्रू बशीत ओळीने मांडलेले. अप्पा भिंग लावून आत बघतायत.

“अगं ये, हे बघ,” कधी नव्हे ते उत्साहात होते. “ह्याचं कमी आणि जास्त, दोन्ही शेवटी एकाच गरमीला जाऊन थांबतं. फरक फक्त किती वेळात जातं याचा. म्हणजे तू सकाळी ‘जास्त’वर लावतेस ते उगाचच. ‘कमी’वर लावलास तर...”

मी ऐकलंच नाही. नवा कुकर, पंधरा दिवसांत ताई येणार, आणि हे स्क्रू. म्हणाले, “अप्पा, तुम्ही काही करू नका हो. काहीही करू नका. एवढीच मदत करा मला!”

त्यांनी नुसती मान हलवली. मग एकेक स्क्रू लावून दिला. नीट. कुकर चालतोय, पूर्वीसारखाच.

रात्रीच्या जेवणाला आम्ही बातम्या ऐकल्या, एरवी ऐकत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं सुरळीत चाललंय. कुकर एक वाजता टुंग करतो, अप्पा वाढून घेतात, जेवतात, वाटी धुऊन ठेवतात. बाहेर जात नाहीत. कशाला हात लावत नाहीत. मेणवालीला सांगितलं, ती म्हणाली, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

पेपरातलं कोडं अप्पा रोज सोडवतात, आज ते पान कोरं होतं. कवळी पाण्याच्या पेल्यातच होती, दिवसभर लावलीच नसावी. दाढीही केलेली नाही, तीन दिवस झाले. थंडीमुळे असेल.

मला मात्र चैन पडत नाही. घरात आल्यापासून तीनदा ओटा पुसला. सगळं जागच्या जागी आहे आणि तरी काहीतरी चालू राहिल्यासारखं वाटतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातून आत्ताच आलो. अप्पा झोपलेत.

काल रात्री तो राजमा भिजत घातला. मनात आलं, एवढा आणलाय तर करू. सकाळी पाणी काढून टाकलं, कांदा-टोमॅटोबरोबर सरळ कुकरमध्ये घातला आणि गेले. संध्याकाळी आले तर अप्पा न्हाणीघराच्या दारात भिंतीला टेकून बसलेले. तोंड पांढरंफटक. दुपारी जेवले आणि दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात.

“फोन का नाही केलात मला?”

“तूच म्हणालीस ना,” अप्पा म्हणाले, “काही करू नका.”

टोमणा नव्हता. खरंच त्यांनी तसं ठरवलं होतं. चार तास.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि काय खाल्लं ते विचारलं. मी राजमा म्हटल्यावर मान वर केली. “आधी खळखळून उकळला होता?”

“नाही, तो कुकरच...”

“मंद आचेवर राजम्यातलं विष जात नाही. उलट बाधा जास्त होते. दहा मिनिटं खळखळ उकळायचा, ते पाणी फेकायचं, मगच त्या कुकरात.”

उकळणार कशावर? रेग्युलेटर माझ्या पर्समध्ये होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई आल्या, आठवडाभर आधीच. अप्पांजवळ बसल्या, कपाळावरून हात फिरवला, डोळे पुसले. मग स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “राजमा त्यांनीच आणला होता म्हणे. घातलाही असेल त्यांनीच. तू तरी कुठे कुठे लक्ष ठेवणार?”

मी कप विसळत होते.

मी दुसरा कप घेतला. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ‘मी घातला’ एवढे दोन शब्द होते. पण मनात आलं, ताई म्हणतील ही सांभाळू शकत नाही, आणि ते मला ऐकवणार नव्हतं. म्हणून दोष अप्पांच्या अंगावर पडू दिला. ते दारातच उभे होते. पाणी प्यायला आले होते. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि परत गेले.

उद्या तिघांनी वृद्धनिवास बघायला जायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

जागा स्वच्छ आहे. खोट काढायची म्हणून गेले होते, सापडली नाही. उजेड आहे, लिफ्ट आहे, भिंतींना धरायला दांड्या आहेत. जेवण साडेबाराला, चहा चारला. दाखवायला आलेली बाई गोड होती. अप्पांनी आज दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंटरव्ह्यूला आल्यासारखे ताठ चालत होते. लिफ्टमध्ये चढल्यावर दार बंद होताना कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “दोरखंड बदलायला झालाय.” बाई हसली.

जेवणाच्या खोलीत अप्पांनी विचारलं, “स्वयंपाकघर कुठं आहे?”

“तिकडे जायची परवानगी नाही हं, आजोबा. तुम्हाला काही म्हणता काही करावं लागणार नाही इथे.”

अप्पांनी मान हलवली. तीच मान, स्क्रू परत लावताना हलवली होती ती.

ऑफिसात ताई अर्ज भरायला बसल्या. ‘देखरेखीचे कारण’ असा एक रकाना होता. ताई लिहायला लागल्या, विसरभोळेपणा, गॅस, चुकीचं अन्न...

“राजमा मी घातला होता,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की बाईंनी टाइप करायचं थांबवलं. “न उकळता. चूक माझी आहे. काल मी मुद्दाम बोलले नाही.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या, पण आवाज चढवला नाही. “बरं. पण आग? ती तर तू नाही ना लावलीस? एवढं जेवण भरून ठेवलेलं असताना गॅसपाशी काय करत होते ते? विचार की त्यांनाच.”

आम्ही दोघीही त्यांच्याकडे वळलो. आणि मला तेव्हा जाणवलं, तीन आठवड्यांत मी हे त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

अप्पा टेबलाच्या कडेकडे बघत होते. “रस्सा करत होतो,” म्हणाले. “ही दिवसभर उभी असते कामावर. घरी येते ती तशीच ओट्याशी उभी राहते. म्हटलं, आल्याबरोबर गरम काहीतरी मिळावं. खिडकी उघडी होती, वाऱ्याने पडदा आला ज्वाळेवर. मी विझवला की.” शर्टाची बाही नीट केली. “दूध म्हणालो, कारण रस्सा करपला होता. लाज वाटली.”

बाईंनी पंखा उगाचच वाढवला.

मग ताई म्हणाल्या, “अप्पा, तुम्हाला स्वयंपाक येतो कधीपासून?”

“येत नाही,” अप्पा म्हणाले. “शिकत होतो.”

अर्ज अर्धाच राहिला. ताईंनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला, फाडला नाही. “महिनाभर बघू,” म्हणाल्या. “पण मला रोज फोन पाहिजे. तुझा नाही, त्यांचा.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रजा काढली आणि अप्पांना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने आम्हाला पाहून चष्मा डोळ्यांवर घेतला. कुकर परत येणार हे त्याने ओळखलं होतं.

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. अप्पांनी दीड तास लावला. प्रत्येक झाकण उचलून पाहिलं; दोन तर “मनगटाला जड” म्हणून बाजूला. काचेचंच झाकण हवं, आतलं दिसलं पाहिजे. चिनी मातीचं भांडं वेगळं निघणारं हवं, नाहीतर घासायचं कसं? वायर आखूड हवी, पायात येता कामा नये. घड्याळवाला मी पुढे केला तर म्हणाले, “वेळ मी बघीन की. मला दुसरं काम काय आहे?” शेवटी खालच्या फळीवरचा, धूळ बसलेला, सगळ्यात साधा निवडला. एक खिटी, तीन जागा: बंद, कमी, जास्त. अक्षरं मोठी, कोरलेली, बोटाला लागतात.

“हा तर कोणी नेत नाही,” दुकानदार म्हणाला.

“कुलूप नाही याला,” मी म्हणून गेले.

अप्पांनी खिटी फिरवून बघितली. कट्, कट्. “नाही ना,” म्हणाले.

घरी आल्यावर पिशवीला नवा बंद शिवून दिला. कवळीही उद्या लॅबमध्ये नेऊन आतून नवा थर देणार आहे. हे कधीच करता आलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला दिवस, सगळं त्यांच्या हाती.

लॅबमध्ये माझं लक्ष नव्हतं. एका कवळीला डावा सुळा दोनदा बसवला, मेणवालीने हाताला धरून थांबवलं. दहा वाजता अप्पांचा फोन. “मिरपूड कुठं ठेवतेस?” साडेदहाला, “ही गाजरं सोलायची की नुसती धुवायची?” अकराला, “झाकण उघडून बघितलं तर चालतं ना?” मी म्हटलं, नका उघडू, वाफ जाते. “बरं, आता उघडलंच आहे,” म्हणाले आणि ठेवला फोन. मग एक वाजेपर्यंत काही नाही. मग तीन वाजेपर्यंत काही नाही. मी फोन केला तर उचलेनात. मेणवाली म्हणाली, झोपले असतील. झोपलेच असतील. तरीही माझ्या डोळ्यांपुढे सगळं येऊन गेलं, न्हाणीघराचं दार, बादली, सगळं.

शेवटचं काम आलं आणि सुटायला उशीर झाला. बस मिळेना. स्टॉपवरून जवळजवळ पळतच आले. खालून खिडकीकडे पाहिलं. दिवा होता, धूर नव्हता. तरी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले, या वयात.

बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. अप्पा दारात, खांद्यावर ओला फडका, कपाळाला पीठ. पीठ कशाला लागलं होतं देव जाणे. ताईंना फोन करून झालाय म्हणाले, त्यातच तास गेला, तोंडी सगळी कृती सांगितली. आतून आल्याचा वास येत होता. पुढे ताटल्या मांडलेल्या होत्या, त्यातली एक झाकून ठेवलेली.

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भुवया चढवल्या.

“किती उशीर,” म्हणाले. “कधीची वाट बघतोय. कळवायचं तरी.”

मी तिथेच उभी राहिले, हात चौकटीवर ठेवून. दोन वर्षांत कोणी मला उशीर झाला असं म्हटलं नव्हतं.

“चुकलं, अप्पा,” म्हणाले, आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू ठेवला.